भुरूला तहान लागली

"आई, भुरू दमलाय गं," म्हणत जुईलीने पडद्यावरचा खेळ आपणहून थांबवला, पेलाभर पाणी प्यायली आणि अंगणात पळाली.

जळगावच्या या घरात वर्षापूर्वी याच वेळी रडारड चाले. "एकच डाव!" म्हणता म्हणता दुपार सरे. मग जुईलीच्या आईने, मृणालने, 'जोडजीव' हा खेळ तयार केला. मनगटावरचा पट्टा मुलाची नाडी आणि घाम मोजतो, कॅमेरा पापण्यांची उघडझाप टिपतो. आणि मूल दमलं, तहानलं की खेळातला प्राणीही दमतो, तहानतो. जुईलीचं मुंगूस, भुरू, डोळे चोळू लागलं की ती उठे. रागवायची गरजच उरली नव्हती. आता जिल्ह्यातल्या शाळांना जोडजीव हवा होता. मृणालचा होकार तेवढा कळवायचा बाकी होता.

गुरुवारी तारांच्या दुरुस्तीसाठी वीज गेली. सकाळपासून खेळही बंद होता. दुपारी मेच्या उकाड्यात जुईली ओसरीवर आजोबांशी कॅरम खेळत बसली. तिचे ओठ सुकले होते, चेहरा लालबुंद झाला होता. स्ट्रायकर तिसऱ्यांदा भलतीकडेच गेला.

"काय गं, आज आबांना जिंकू देणार वाटतं?" आबा म्हणाले. मग चष्मा वर करून त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "सकाळपासून पाणी प्यायलीस का?"

"नाही."

"तहान नाही लागली?"

जुईलीने दारातून आतल्या काळ्या पडद्याकडे पाहिलं. "काय माहीत! भुरू बंद आहे ना."

आबा हसले. "अगं, तहान तुला लागते की मुंगसाला?"

जुईली हसली नाही. ती खरोखरच विचार करत होती.

दारात उभ्या मृणालने ते ऐकलं. ती आत जाऊन साखर-मीठ घातलेलं पाणी घेऊन आली. जुईलीने तांब्या एका दमात रिकामा केला, आणि स्वतःच चकित झाली.

संध्याकाळी वीज आली. मृणाल होकाराचा निरोप उघडून नुसतीच बसली होती.

"पाठव की," आबा म्हणाले. "एवढं खपलीस त्यासाठी."

"आबा, तुम्ही पाढे म्हणून घेताना मध्येच गप्प का बसायचात?"

"मग काय! सगळं मीच म्हटलं असतं, तर तू नुसती मान डोलावली असतीस."

"माझा भुरू गप्पच बसत नाही," मृणाल म्हणाली. तिने होकार खोडला आणि लिहिलं, 'अजून तयार नाही. थांबावं लागेल.' शाळा थांबतील की दुसरं काही घेतील, हे तिला ठाऊक नव्हतं.

काही आठवड्यांनी जुईली मृणालने बदललेल्या खेळाला बसली. ऐन रंगात भुरूने पंजांनी तोंड झाकलं. "ओळख पाहू, मला काय होतंय?"

"आई, सांग ना!"

मृणाल बोलली नाही. आबांनी खिडकीबाहेर नजर वळवली.

जुईली वैतागली. मग तिने डोळे मिटले, गळ्यावर हात ठेवला आणि आवंढा गिळला.  तिच्या आत कुणी काही सांगत होतं का? आणि ते तिला ऐकू येणार होतं का?