नलू मावशीच्या डावीकडे

"सून गप आणलीस, आता स्पीकर तरी बोलका आण रे बाबा."

सासूबाई हे धीरजला स्वयंपाकघरात म्हणाल्या. मी गच्चीवर कपडे काढायला गेलेय असं त्यांना वाटत होतं. मी बाथरूममध्ये बादली विसळत होते. राग आला नाही. लग्न होऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्यात मी त्या घरात जे काही बोलले ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, वर पत्त्याला जागा उरली असती.

शनिवारी आम्ही तिघं बोईसरला, तारापूर रोडवर कमलेशच्या दुकानात गेलो. कमलेश धीरजचा शाळेतला मित्र. त्यानं टेबलावर ठेवायच्या स्पीकरच्या दोन जोड्या काढल्या. दोन्हींत ॲम्प्लिफायर आतच. प्लग लावायचा, फोन जोडायचा, झालं. एक साडेसात हजारांची, काळी, कडेनं निळे दिवे पळणारी. दुसरी सोळा हजारांची, साधी तपकिरी लाकडी खोकी.

"दोन्ही घरी न्या," कमलेश म्हणाला. "तोंडपाठ असलेलं काहीतरी लावा, तरच फरक कळतो. उद्या संध्याकाळी येतो, नको ती उचलतो."

सासूबाईंचा निकाल रिक्षातच लागला. "दिवेवाली बरी. त्या लाकडाच्या पैशात मिक्सर येल, इस्त्री येल, वर माझा चष्मा."

रविवारी धीरजला कारखान्यात ड्युटी होती. दुपारी सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या आणि हॉलमध्ये मी आणि ती चार खोकी उरलो.

मला तोंडपाठ असं एकच होतं. माहेरी, घिवलीला, माझ्या हळदीच्या दिवशी बायकांनी म्हटलेली गाणी. माझ्या मामेबहिणीनं, हेमालीनं, फोन चटईवर ठेवून ती रेकॉर्ड केली होती. आमच्या आळीत नलू मावशी ओळ सांगते, बाकीच्या उचलतात. मधली एक ओळ मात्र नवरीच्या आईनं एकटीनं म्हणायची. माझी आय हळदीच्या दीड वर्ष आधीच गेली होती. मांडवात कुणीतरी म्हणालं, मावशीनंच म्हणावी. नलू मावशी म्हणाली, "नाय. ती तिची हाय. आमी थांबू." आणि खरंच, ओळीला लागला असता तेवढा वेळ बायका गप्प बसल्या. फोनवर त्या जागी नुसता पंखा ऐकू येतो.

आधी निळे दिवे लावले. खोटं कशाला बोलू, आवाज मस्त होता. ढोलकी छातीत वाजत होती. फक्त सगळ्या बायका एकाच टेम्पोत कोंबल्यासारख्या वाटत होत्या. थांबायच्या जागी पंखा घुमला. बस.

मग तपकिरी जोडी. सुरुवातीला हिरमुसले. इतका मवाळ आवाज, आणि त्याचे दुप्पट पैसे? पण डोळे मिटले आणि कळलं, आवाज खोक्यांतून येतच नव्हता. बायका आपापल्या जागी बसल्या होत्या. टीव्हीसमोर नलू मावशी. खिडकीशी, शब्द चुकवून खिदळणारी हेमाली. शेजारची रखमाबाई दाराशी, बांगड्यांसकट. बोट दाखवून सांगता आलं असतं. नलू मावशीच्या डावीकडे मात्र एका माणसाची जागा रिकामी होती.

थांबायची वेळ आली. पंखा. आणि त्या रिकाम्या जागी कुणीतरी श्वास घेतला.

गाण्याआधी घेतात तसा, पोटभर. त्याच्या शेवटी बारीक शीळ. आयला दमा होता. "माझ्या गाण्याला पिपाणी फुकट," असं ती म्हणायची.

पण ओळ आली नाही. मावशीनं पुढचं कडवं उचललं.

मी पुन्हा लावलं. पुन्हा श्वास, पुन्हा शीळ... आणि ओळ नाही. एकदाच म्हण ना गं, एवढंच मनात येत होतं. पुन्हा लावलं. बाकी सगळ्या जागच्या जागी होत्या, पण तो श्वास आता टीपॉयच्या अलीकडून आला होता.

दिवेवाल्यांवर लावून पाहिलं. पंखा. कानात इयरफोन घालून पाहिलं. पंखा. परत तपकिरी लावले. या वेळी सोफ्याच्या पायाशी... इतक्या जवळ, की मी खाली बसून हात पुढे केला. फरशी इतर फरशीसारखीच गार होती.

"आय..." असं मी म्हणाले, किंवा म्हणाले असं वाटलं. त्या घरात माझं मलाही सांगता येत नसे.

संध्याकाळी एमआयडीसीचा उग्र वास सुटला म्हणून खिडक्या लावून घेतल्या. धीरज आला, मागोमाग कमलेश. सासूबाई सोफ्याच्या मधोमध बशीत चहा ओतून बसल्या. धीरजनं दोन्ही जोड्यांवर नाचायची गाणी लावली.

"ह्या लाकडाला बेसच नाय. दिवेवाली ठेवतो."

"बोललेली मी," सासूबाई म्हणाल्या.

कमलेश तपकिरी जोडीच्या वायरीकडे वाकला. मी नुसता फोन पुढे केला.

"थांब रे धीरज, वहिनींचं पण ऐकू."

तपकिरी जोडीवर हळद सुरू झाली. सासूबाई हसल्या. "ही नलूच ना? काय गळा हाय! हितून दर्यातली बोट बोलवील."

मग ती जागा आली. पंखा.

"अडकलं काय?" धीरज म्हणाला.

कुणाला काही ऐकू आलं नाही. मलाही नाही. श्वास नाही, शीळ नाही, टीपॉयपाशी नाही, सोफ्याच्या पायाशी नाही. एवढी जवळ येऊन गेली, असंच मला वाटलं.

तेवढ्यात सासूबाईंनी बशीवर फुंकर घालता घालता, वर न बघता, पदर आवरून घेतला आणि एका अंगाला सरकल्या. कुणी येऊन जागा मागितली की आपण सरकतो, तशा. त्यांच्या बाजूला कुणीही नव्हतं. त्यांच्या हे लक्षातही आलं नाही. बशीतला चहा त्या पीत राहिल्या.

"मग वहिनी?" कमलेश म्हणाला. "कुठली उचलू?"

तिघंही माझ्याकडे बघत होते.

"दिवेवाली न्या," मी म्हणाले. "आणि आई, अजून थोडं सरका. ती पाय वर घेऊन बसते."