निळ्या डोळ्यांची पाहुणी

सृष्टीनं स्कूटीला किल्ली लावायला हात पुढं केला आणि तो तसाच थांबला. सीटवर बोटाएवढी जाड, पोपटी अळी बसली होती... आणि दोन मोठ्या निळ्या डोळ्यांनी चक्क तिच्याकडे बघत होती!

"आई गं!"

कुंपणाच्या कण्हेरीआडून पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला एक तरुण धावत आला. त्यानं थेट अळीवर नळी रोखली.

"अहो, थांबा की! मारताय काय तिला?"

"मग काय ओवाळू? तुमीच तर वरडला."

"मी दचकले. म्हणून तिचा जीव घ्यायचा? बघतीय बघा कशी."

तो वाकला. ती पण वाकली. त्याच्या केसांना ओल्या मातीचा वास येत होता.

"डोळे न्हाईत हे," तो हळूच म्हणाला. "नुसतं सोंग हाय. खरं तोंड खाली, बारीक... आनि मागं पिवळं शिंग. असली म्या कधी बघितली न्हाई."

नळी कधी खाली आली, ते त्यालाही कळलं नाही.

त्याचं नाव शिवयोगी. अक्कलकोटकडचा, शेतीची पदविका घेतलेला, होटगी रोडच्या एका रोपवाटिकेत कामाला. सृष्टी वैरागची, इथं या कंपाउंडात भाड्याची खोली घेऊन राहायची. सात रस्ता चौकाजवळच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची.

"शेतीचं शिकलाय आणि अळी ओळखू येत नाही?"

"पिकावरच्या समद्या पाठ हायेत. पन त्या मारायच्या कशा, एवढंच शिकवलं. जगवायच्या कशा, ते कुनी शिकवलंच न्हाई."

सृष्टीला हसू आलं. तिनं मोबाइलवर फोटो काढून शोधलं, तर तीन नावं निघाली आणि तिन्हींचं चित्र वेगळंच. कण्हेरीखाली लावलेल्या स्कूटीवर सापडली म्हणजे कण्हेरच खात असणार, असा दोघांनी अंदाज केला.

"पन कन्हेर इखारी असतीय. शेळीसुदिक तोंड लावत न्हाई."

"हिची आवड न्यारी असेल. काहींची असते." हे बोलून तिनं उगाचच हेल्मेट घातलं.

कुंपणावर औषध मारून झालं होतं. मग ठरलं की अळी सृष्टीनं खोक्यात पाळायची आणि न फवारलेली पानं शिवयोगीनं रोपवाटिकेतून आणायची. रोज सकाळी साडेआठला तो यायचा. जाळीचं कापड बांधलेल्या खोक्यात ती ताजी पानं ठेवायची, तो कालची काढायचा. अळी पान कडेनं कुरतडत जायची आणि दोघं श्वास रोखून बघत राहायचे.

"हात धुवा आधी, चीक लागलाय," ती दटावायची.

"तुमी पानी घाला की," तो म्हणायचा आणि ओंजळ पुढं करायचा. तांब्यातलं पाणी संपलं तरी ओंजळ लवकर मागं जायची नाही...

पाचव्या दिवशी अळी काळपट, चिंचेसारखी झाली. पानाला तोंड लावेना. खोक्यात सैरावैरा पळत कोपरे उकरायला लागली.

"फवारलेली पानं आणलीत तुम्ही!"

"न्हाई हो. शपथ—"

"मग ही मरायला का लागली? तुमचं कामच ते... मारायचं."

शिवयोगीचा चेहरा उतरला. हातातली पानं तिथंच ठेवून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साडेआठ वाजले, नऊ वाजले. तो आला नाही. सृष्टी खोक्यापुढं बसून राहिली. अळी अजून कोपराच उकरत होती. मरणारा जीव असा नेटानं उकरतो का? की हिला कुठं तरी... खाली जायचंय? तिनं कुंडीतली भुसभुशीत माती आणि वाळका पाला खोक्यात टाकला. घटकाभरात अळी पाल्याखाली शिरली.

सृष्टी तशीच रोपवाटिकेकडं निघाली. शिवयोगी शेडमध्ये एका डब्यापुढं बसला होता.

"माझं चुकलं," ती धापा टाकत म्हणाली. "ती मरत नव्हती. तिला माती पाहिजे होती."

"ठावं हाय." त्यानं डबा पुढं केला. आत माती होती. "तितनं निगाल्यावर मलाच भ्या वाटलं. म्हटलं, चुकून फवारलेलं पान गेलं असंल तर? म्हनून तसलीच दुसरी मोठी अळी हुडकली, त्याच वळीतली पानं घातली. ती बी आज सकाळी काळी झाली आनि मातीत गेली. हेच सांगायला निगालो हुतो."

"मग का नाही आलात?"

"तुमी परत तसं बोलला असता तर... लई लागलं असतं."

तिनं त्याचा मातीनं भरलेला हात धरला. या वेळी धुवायला सांगितलं नाही.

पंधरा दिवस दोघांनी पाल्यावर हलकं पाणी शिंपडलं. सोळाव्या दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, दोघं खोक्यापाशी असताना आत सळसळ झाली. चुरगळलेल्या पंखांचा एक पतंग काडीवर चढला. पंख हळूहळू ताणले गेले. हिरवे, मधे गुलाबी-पांढऱ्या लाटा, जणू संगमरवरावर कुणी पोपटी रंग सांडलाय. सृष्टीनं जाळी सोडली. पतंग थरथरला... आणि कंपाउंडवरून उडून गेला.

शिवयोगीनं रिकाम्या खोक्यातला पाला झटकला.

"आता कशाला येऊ मी हितं?" तो म्हणाला.

"रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते वैरागला. मी आईला सांगितलं, बोलवू नको म्हणून."

"का?"

"म्हटलं... इथं एकाची ओळख पटवतेय."

त्यानं अगदी हळू विचारलं, "पटली का?"

"कोण? ओळख... की मी?"

शिवयोगी कानापर्यंत लाल झाला. तिच्याकडं बघायचा धीर गोळा करून म्हणाला, "दोनी."

"दोन्ही पटल्या," सृष्टी म्हणाली.