गुडघ्याएवढं रोप

लंडनमधल्या एजवेअरच्या स्टेशन रोडवर एका केमिस्टच्या दुकानावर नीना राजवाडेचं ऑफिस होतं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बारा वर्षं रक्त तपासून कंटाळल्यावर ती माणसं तपासायला लागली, असं तिचा मावसभाऊ अनुप सगळ्यांना सांगत असे. अनुप रीडिंग शहरात सॉफ्टवेअरमध्ये होता. सध्या दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधे मोकळा असल्यामुळे नीनाची गाडी चालवत होता.

जूनमधल्या त्या बुधवारी सकाळी एक मुलगी जिना चढून आली. सव्वीस-सत्तावीसची, अंगात पातळ रेनकोट. बसायला सांगूनही ती उभीच राहिली.

"मला चोर ठरवण्यात आले आहे," ती म्हणाली.

अनुपने वर पाहिलं. तोंडी मराठीत 'ठरवण्यात आले आहे' म्हणणारं माणूस त्याला आयुष्यात भेटलं नव्हतं. मुलगी मॉरिशसची होती. घरी क्रिओल, मराठी शाळेत पुस्तकातून शिकलेली. नाव कस्तुरी सखाराम.

"सखाराम म्हणजे वडिलांचं नाव?" अनुपने विचारलं.

"आडनाव. माझ्या पूर्वजाला बोटीतून उतरवले, तेव्हा त्याचे नावच आडनाव म्हणून लिहून घेतले. तेव्हाही आम्हाला कोणी विचारले नव्हते."

नीना हसली नाही. तिने खुर्ची पुढे सरकवली. "बस. पहिल्यापासून सांग."

मॉरिशसच्या एका डोंगरावर 'ब्वा त्रिस्त' नावाचं झाड आहे. जगात इतर कुठेही नाही, आणि तिथेही आता थोडीच उरली आहेत. साखरेचा आजार बेटावर घरोघरी. जुनी माणसं या झाडाचा पाला उकळून पीत. कस्तुरीने तिथल्या विद्यापीठात शोधून काढलं की गुण असतो तो फक्त कोवळ्या रोपांच्या पानांत. वाढलेल्या झाडाच्या पानांत तो नसतो. पुढच्या कामासाठी ती रीडिंगजवळच्या हॉलमीड इन्स्टिट्यूटमध्ये आली. बेटाच्या वनखात्याने बिया दिल्या आणि २००४ मध्ये करार केला. या रोपांतून जे काही निघेल, त्यावर नाव आणि हक्क बेटाचा. त्या बियांपासून कस्तुरीने इन्स्टिट्यूटच्या काचघरात रोपं वाढवली होती.

तीन आठवडे ती मायदेशी गेली होती. शनिवारी सकाळी हीथ्रोला उतरली आणि खोलीवर जाऊन झोपली. सोमवारी तिला इन्स्टिट्यूटच्या दारातच अडवलं. लॅबमधल्या टेबलाच्या खणात राहिलेलं तिचं कार्ड जप्त झालं होतं. शनिवारी संध्याकाळी त्याच कार्डाने काचघर उघडलं होतं आणि रोपं गेली होती. तसा मेल सगळ्या इन्स्टिट्यूटला गेला होता, तिच्या नावासकट.

"शुक्रवारी सुनावणी आहे. दोषी ठरले तर माझी नोंदणी रद्द, व्हिसा रद्द. आणि ते म्हणतात, बेटाच्या माणसानेच चोरी केली, म्हणजे करार तुम्हीच मोडला. मग इन्स्टिट्यूटवर काहीही बंधन नाही."

"रिकामी जागा तू स्वतः पाहिलीस?"

"आत जाऊच दिले नाही. मेलमध्ये वाचले."

"रोपं दिसतात कशी?"

"साधी, ताई. पान बोटाएवढेही रुंद नाही, मधली शीर लाल. माझी आई त्याला झाडाचे बालपणीचे कपडे म्हणते."

"तुझ्या प्रोफेसरांना ती माहीत असतील."

कस्तुरीच्या ओठाचा कोपरा वाकडा झाला. प्रोफेसर हॅलिवेल रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्यापर्यंत पोचायची ती दळलेली तपकिरी पूड. काचघरात ते कधी आलेच नाहीत. तिच्या प्रत्येक अहवालाच्या परिशिष्टात फोटो होते, पण प्रोफेसर आलेख पाहून अहवाल मिटत.

सुनावणीला सोबत एक माणूस न्यायची आणि आधी जागा पाहायची मुभा नियमात होती. त्या दुपारी नीना आणि अनुप एम-फोर महामार्गाने निघाले. अनुप वाटभर बायकोची कैफियत सांगत होता. रेखाच्या ग्रुपमधल्या कोणा वरदाने वटपौर्णिमेसाठी कुंडीतले वड द्यायचं कबूल केलं होतं. परवा तिचा फोन आला, झाडं मिळणार नाहीत, कारण विचारू नका. आता बायका प्रिंटआउटला दोरा गुंडाळणार.

"सात जन्मांचं काम ए-फोर कागदावर," अनुप म्हणाला. "मला सहाच मिळतील बहुतेक."

"रेखाला सांग, एकातच भागव."

हॉलमीडला त्यांना काचघर दाखवलं डेनिस पेल या तंत्रज्ञाने. पाण्याचे पंप आणि हीटर हे त्याचं काम. झाडांमधलं आपल्याला काही कळत नाही, असं त्याने आधीच सांगून टाकलं. कस्तुरीच्या टेबलाचा अर्धा भाग रिकामा होता. उरलेल्या भागात कुंड्यांची रांग होती, तिच्यात लालसर गवतासारखं काहीतरी वाढलेलं. पाणी आपोआप पडत होतं. कुंड्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. पेलकडे सगळ्या दारांची किल्ली होती. शनिवारी तो साउथॅम्प्टनला मुलीकडे होता, पण ते खरं की खोटं, हे विचारायला कोणी आलं नव्हतं. चोरी उघडकीला कोणी आणली? प्रोफेसरांनी, सोमवारी सकाळी.

रिकाम्या जागी पांढरट थेंब वाळले होते. "पेंट," अनुप म्हणाला. नीनाने नखाने एक थेंब उचकटला. तो रबरासारखा ताणला गेला. मग ती खाली वाकली आणि टेबलाखालून एक पान उचललं. रुंद, जाड, चामड्यासारखं.

"ओळखतोस?"

"झाडाचं पान."

"शाब्बास," नीना म्हणाली आणि पान पर्समध्ये ठेवलं.

लॅबमध्ये डॉक्टर श्रीकांत बोकारे भेटले. मूळचे नागपूरचे, प्रोफेसरांच्या हाताखाली संशोधक. त्यांचं वर्क परमिट प्रोफेसरांच्या सहीवर चालत होतं. कस्तुरी हुशार आहे, पण मी काही पाहिलं नाही, मला काही माहीत नाही, असं ते तीनदा म्हणाले. कस्तुरीचा खण त्यांच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर होता आणि त्याला कुलूप नव्हतं. काचघरात तुम्ही जाता का, असं नीनाने विचारलं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात मोबाईल वाजला. "वरदा, नंतर," एवढंच म्हणून त्यांनी तो बंद केला.

बाहेर पडताच अनुप कुजबुजला, "हाच. हंड्रेड पर्सेंट. घाम बघितलास?"

"घाम घाबरलेल्यालाही येतो."

प्रोफेसर रूपर्ट हॅलिवेल मात्र अगदी निवांत होते. त्यांनी चहा मागवला. कस्तुरीबद्दल त्यांना वाईट वाटत होतं. "लहान देशातली मुलं. दडपण फार असतं, मोहही असतो." लिननच्या जाकिटाच्या बाहीवर तपकिरी डाग होता, टेबलावरचा कागद त्याला चिकटत होता. चहाचा, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

आता संशोधनाचं काय होणार, असं नीनाने विचारलं. प्रोफेसरांनी भिंतीकडे बोट केलं. काचेच्या चौकटीत दाबून वाळवलेलं एक पान होतं, तळहाताएवढं रुंद.

"काम थांबणार नाही. ब्वा त्रिस्तची पानं मी अठ्ठ्याण्णव सालीच आणली होती. कराराच्या सहा वर्षं आधी. त्यांची पूडही माझ्याकडे आहे. हे त्यातलंच एक. गुडघ्याएवढं रोप होतं, वाकून तोडलं मी. कोवळंच पान लागतं ना."

"पान खात्रीने ब्वा त्रिस्तचंच?"

"लंडनच्या दोन वनस्पतीतज्ज्ञांनी ओळखलंय. विचारा हवं तर."

"विश्वास आहे," नीना म्हणाली. त्या चौकटीचा फोटो काढायची तिने परवानगी मागितली. प्रोफेसरांनी आनंदाने दिली.

गाडीत बसल्यावर तिने तो फोटो पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाली, "अनुप, त्या मुलीचं कार्ड काढून घ्यायला यांना एक सकाळ पुरली. आणि तिला टेबलापाशी नेऊन 'बघ, काय गेलंय' एवढं विचारायला तीन दिवसांत कोणाला सवड झाली नाही. मला चोराइतकाच याचाही राग येतोय."

"पण चोर कोण?"

"वटपौर्णिमेच्या आत सांगते," ती म्हणाली. अनुपला तो विनोद वाटला.

शुक्रवारी सुनावणीला टेबलाच्या एका बाजूला संचालिका मिसेस आर्मिटेज आणि त्याच लिननच्या जाकिटात प्रोफेसर हॅलिवेल बसले होते. पेल आणि बोकारे साक्षीदार म्हणून भिंतीजवळ होते. कस्तुरीचं कार्ड पुरावा म्हणून टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं. नीनाने एकच विनंती केली. सगळ्यांनी पाच मिनिटं काचघरात यावं.

काचघरात तिने कस्तुरीला पुढे केलं. "तुझी कोणती रोपं गेली आहेत, ते या सगळ्यांना दाखव."

कस्तुरी टेबलापाशी गेली आणि थबकली. त्या लालसर गवताच्या रांगेवरून तिने हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"एकही नाही," ती शेवटी म्हणाली. "ही सगळी माझीच आहेत. सगळी इथेच आहेत."

प्रोफेसर हसले. "हे गवत आहे. ब्वा त्रिस्तचं पान माझ्या भिंतीवर आहे, सगळ्यांनी पाहिलंय."

"वाढलेल्या झाडाचं पान," नीना म्हणाली. "त्या बेटावरच्या बऱ्याच झाडांचं असंच असतं. कोवळेपणी एक पान, मोठेपणी वेगळंच. म्हणतात की पूर्वी तिथे माणसाएवढ्या वजनाची कासवं होती आणि ती खालची रोपं खायची. झाड त्यांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत आपलं खरं पान दाखवत नाही. कस्तुरीची आई याला बालपणीचे कपडे म्हणते. तुम्ही म्हणालात, गुडघ्याएवढ्या रोपावरून वाकून तोडलं. गुडघ्याएवढ्या ब्वा त्रिस्तला असं पान येतच नाही, प्रोफेसर. तुम्ही ते रोप कधी पाहिलेलंच नाही. गेल्या शनिवारी नाही, अठ्ठ्याण्णव सालीही नाही. हे पान कोणाच्या संग्रहातून घेतलंत, ते तुम्हीच सांगायचं."

मिसेस आर्मिटेज कुंड्यांकडे पाहत होत्या. "मग चोरीला काय गेलं?"

नीनाने पर्समधलं पान काढलं. "वड. टेबलावरचे पांढरे डाग म्हणजे त्याचा चीक. आमच्याकडे पुढच्या आठवड्यात बायका वडाची पूजा करतात, आणि इथे वड सहजी मिळत नाही. डॉक्टर बोकाऱ्यांनी कस्तुरीच्या टेबलाच्या रिकाम्या अर्ध्या भागात, ती नसताना, पत्नीसाठी कुंड्यांत फांद्या लावल्या होत्या."

अनुपने बोकाऱ्यांकडे पाहिलं. "तुम्ही वरदाचे—" तो म्हणाला.

"इन्स्टिट्यूटच्या जागेत खासगी झाडं," बोकारे खाली पाहत म्हणाले. "परमिट गेलं असतं."

"म्हणून तुम्ही तिला जाऊ देत होतात," नीना म्हणाली.

मग ती संचालिकांकडे वळली. "कार्ड उघड्या खणात होतं, त्यामुळे ते कोणाचं यावरून काहीच ठरत नाही. मिस्टर पेलना कार्ड लागतच नाही, त्यांच्याकडे किल्ली आहे. बोकारे स्वतःचे वड स्वतः चोरणार नाहीत. कस्तुरीने चोरली असती तर स्वतःची रोपं चोरली असती, शेजारची नाही. चोराने लालसर गवत सोडलं आणि रुंद पानांच्या कुंड्या उचलल्या, कारण त्याच्या मते ब्वा त्रिस्तचं पान रुंद असतं. या इन्स्टिट्यूटमध्ये असं मानणारं एकच माणूस आहे, आणि ते त्याने आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलं. कस्तुरी चोर ठरली की करार संपतो आणि मागे उरते ती फक्त प्रोफेसरांची अठ्ठ्याण्णव सालची पूड. ती पूडही कस्तुरीच्याच रोपांची निघेल. तपासून घ्या. आणि वडाचा चीक कापडावर वाळून तपकिरी होतो, प्रोफेसर. चहाचा डाग इतके दिवस चिकट राहत नाही."

हॅलिवेलचा हात बाहीकडे गेला आणि मधेच थांबला. आपल्या वकिलाशी बोलल्याशिवाय आपण काही बोलणार नाही, असं म्हणून ते निघून गेले. पेलने त्यांच्यासाठी दार उघडलं नाही. ते त्यांना स्वतः उघडावं लागलं.

बैठकीच्या खोलीत परतल्यावर मिसेस आर्मिटेज फार सौम्य झाल्या. झालं ते दुर्दैवी होतं. प्रोफेसरांबाबत योग्य ती प्रक्रिया होईल, करार कायम राहील, शोधनिबंधावर कस्तुरीचं नाव पहिलं असेल. सर्वांच्या हितासाठी विषय मात्र या चार भिंतींत राहिलेला बरा. बोलता बोलता त्यांनी कार्ड कस्तुरीकडे सरकवलं.

कस्तुरीने कार्डाला हात लावला नाही.

"सोमवारी तुम्ही सगळ्या इन्स्टिट्यूटला मेल पाठवलात," ती इंग्रजीत म्हणाली. "माझ्या नावासकट. आता त्याच सगळ्यांना दुसरा पाठवा. मी इथे थांबते."

मिसेस आर्मिटेजनी घड्याळ पाहिलं, नीनाकडे पाहिलं. नीना खिडकीबाहेर पाहत होती. शेवटी त्यांनी लॅपटॉप ओढला. चार ओळी लिहिल्या आणि पडदा कस्तुरीकडे वळवला. रोपं सुरक्षित असल्याचं आढळलं आहे, मागच्या मेलमुळे झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी.

कस्तुरीने त्या ओळी दोनदा वाचल्या.

"'गैरसमज' काढा," ती म्हणाली. "'चोरी' लिहा. आणि सोमवारी जसे नाव लिहिले होते, तसेच आताही नाव लिहा. ज्याचे आहे त्याचे."

मिसेस आर्मिटेजची बोटं कीबोर्डवर थांबली. मग चालू लागली.

मेल गेल्याचा आवाज आल्यावरच कस्तुरीने कार्ड उचललं. रोपांना तीन आठवडे कोणी पाहिलं नव्हतं. ती काचघराकडे निघाली.