उजवीकडचा कण

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत आमचं दगड घासायचं दुकान आहे. हसू नका. खाणींतले नमुने येतात, मी तुकडा रेझिनच्या चकतीत बसवतो आणि आरशासारखा चकचकीत करतो, मग जाणकार तो भिंगाखाली बघतात. बारा वर्षं हेच करतोय. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही.

जूनमध्ये एका सोन्याच्या खाणीतला दगड आला. त्यात हेमलोआइटचे दोन कण होते. काळं, धातूसारखं चमकणारं ऑक्साइड. जमिनीखालच्या कढत पाण्याने ज्या भेगांत सोनं आणून ठेवलं, तिथेच हे सापडतं, तेही क्वचित. मी फोटो काढून बायकोला पाठवला.

‘यातली मी कुठली?’ नलिनीने विचारलं.

‘डावीकडची. जाडी.’

‘सुशांत, तू घरी ये, दाखवते जाडी!’

सोमवारी बघतो तर तिसरा कण. दोघांच्या मधोमध, इवलासा. घासलं की थर जातो आणि खालचे कण वर येतात, हे खरं. पण मी घासलंच नव्हतं. जुन्या फोटोत ती जागा कोरी होती.

संध्याकाळी नलिनी दारातच रडत-हसत उभी. आठ वर्षांनी दिवस गेले होते! मी येड्यासारखा नाचलो. खालच्या मजल्यावरचे बघायला वर आले.

चकती परत पाठवायचं मी टाळत राहिलो.

सोनोग्राफीच्या दिवशी सकाळी चौथा कण दिसला. दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुळी आहेत.

“अगो बाय माझ्या!” आईने फोनवरच देवाला गाऱ्हाणं घातलं.

पेढे घेऊन आम्ही रिक्षाने थेट दुकानात आलो. मालक दादूशेठ पेढ्यांवर तुटून पडले.

“मला बघू दे ना आपलं कुटुंब,” नलिनी म्हणाली.

चकतीवर बोटाचा ठसा होता. कापडाने पुसला असता तरी चाललं असतं. पण ती पहिल्यांदाच बघणार, म्हणून मी चाकावर एक शेवटचा हात मारला. बारा वर्षांत न केलेली चूक. जास्त घासलं की कण उपटून निघतो.

भिंगातून पाहिलं. एका मोठ्या कणाच्या जागी खड्डा.

डावा की उजवा?

उजवा.

नलिनी शाबूत होती. दोन्ही पिल्लं शाबूत होती. खरं सांगतो, इतका आनंद झाला की अख्खा पेढा तोंडात कोंबला.

नलिनीने भिंगाला डोळा लावला.

“झकास!” म्हणत ती हसत वळली. मी तिच्यासमोर हातभर अंतरावर उभा होतो.

तिने खोलीभर नजर फिरवली आणि दादूशेठना विचारलं, “सुशांत आत्ता इथेच होता ना?”