वन्संच्या वाटणीचा उजेड

"थांबवा! हे भोक कुणाला विचारून पाडलंत?"

धाकट्या भावाचा आवाज घरभर घुमला आणि ताई दचकून दाराकडे वळली! छपरात बसवायच्या खिडकीची नवी चौकट भिंतीला टेकून उभी होती, सुतार छपरावर करवत धरून खोळंबला होता, आणि भावजयीच्या अंधाऱ्या खोलीत, कोपऱ्यात सरकवलेल्या खाटेपर्यंत लाकडाचा भुसा उडाला होता.

सुतार वरूनच म्हणाला, "साहेब, खुणेसाठी खालून ठोकलेल्या खिळ्यांची टोकं वर दिसतात, त्यांच्या मधलंच आम्ही कापतो. खिळे ताईंनी इथेच ठोकायला लावले."

"तायडे, मी ही तुझ्या खोलीसाठी आणली होती! काळोखात शिवणकाम करून मला शिकवलंस, डोळ्यांची वाट लावलीस... जन्मात पहिल्यांदा तुला काही द्यायला गेलो, तर तेही तोंडावर फेकलंस?"

दुकानात तिने उघडणारीच खिडकी हवी म्हणून हट्ट धरला, तेव्हा हाच हसला होता, "छपरावर चढून गप्पा मारणार आहेस का?" आता त्याच्या डोळ्यांत नुसता अंगार होता. ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्याने असं बोलावं!... त्याने खाटेवर पडलेल्या बायकोकडे बोट केलं.

"हिला उजेड सोसत नाही, ठाऊक आहे ना तुला? सुतारदादा, फळ्या परत ठोका!"

"उजेड सोसतो रे तिला!" ताई कळवळून म्हणाली. "तिच्या खिडकीतून शेजारची मुलं खेळताना दिसतात, म्हणून ती बंद ठेवते. आपलं बाळ गेलं तेव्हापासून... वरच्या खिडकीतून नुसतं आभाळ दिसेल. वाराही येईल."

धाकट्याने त्या बंद खिडकीकडे वळून पाहिलं. इतके महिने बायकोच्या उशाशी बसून एवढी साधी गोष्ट आपल्याला कळू नये! वर सुताराने फळी उचलली.

"नका ठोकू..."

आवाज खाटेवरून आला होता. कायम भिंतीकडे तोंड करून पडलेली भावजय उताणी झाली होती, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं.

"वन्सं, मला उठून बसायचंय. हात द्या ना."

ताई धावलीच. दुसऱ्या बाजूने धाकट्याने आधार दिला आणि मान खाली घालून पुटपुटला, "चुकलो, तायडे."

"ते राहू दे रे! आधी तिच्या पाठीशी उशी लाव," ताई म्हणाली, आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला काही केल्या आवरेना.