सोमवारचा भोंगा

वांगरवाडीत दर सोमवारी सकाळी दहाला भोंगा वाजायचा आणि कुणी मानसुद्धा वर करायचं नाही. कडेगावच्या पुढं, डोंगराच्या पोटाला धरून वसलेलं हे गाव. दुष्काळात गावकऱ्यांनीच दगडमाती वाहून बांधलेला तलाव बरोबर त्याच्या डोक्यावर. मातीचा बांध फुटला तर खालची घरं वाहून जायला पाच मिनिटं पुरली असती. म्हणून लढाईनंतर सांगलीत पडून राहिलेला, हातानं फिरवायचा एक भोंगा पंचायतीनं मागून आणला आणि माळावर बिरोबाच्या देवळापुढं बसवला. फिरवायला माणूसही आयता मिळाला. फौजेतून पेन्शनीवर आलेला हवालदार ज्योतिबा.

ज्योतिबा कामाला चोख होता आणि त्या चोखपणाचा गावाला जाच होता. भोंगा वाजला की हातातलं काम टाकायचं, काही आणायला घरात परत शिरायचं नाही, म्हाताऱ्यांना पुढं घालून माळ गाठायचा, हे त्यानं पोरासोरांकडूनही घोकून घेतलं. सराव मात्र सोमवारी दहाला, दोनच मिनिटं. त्या वेळी कुणी जागचं हलू नये, उगाच कामाचा खोळंबा होतो, हे त्यानंच चावडीच्या फळ्यावर वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं.

खाली आवाज नीट पोचला की त्याची बायको लीलाबाई परसात उभी राहून पांढरं धोतर हलवायची. भोंगा थांबला की धोतराची घडी घालून आत जायची. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, त्यातली बारा तिनं एकटीनं काढलेली. आठवड्यातून एकदा नवऱ्याला असं धोतर दाखवणं तिला फार आवडायचं. त्यालाही आवडायचं, पण ते त्यानं तिला कधी सांगितलं नाही.

भोंगा येण्याआधी दवंडी केरबा द्यायचा. हलगी वाजवत दारोदार जायचा आणि घरातल्या कर्त्याचं नाव घेऊन निरोप सांगायचा. ज्या घरात सुतक असेल, त्या दारापुढं मात्र त्याची हलगी गप व्हायची आणि पुढच्या दाराशी पुन्हा वाजायला लागायची. आता हलगीची गरज उरली नाही, असं पंचायतीत ज्योतिबाच बोलला होता. केरबा भांडला नाही. "भोंगा दारात येत न्हाई, हवालदार," एवढंच म्हणाला. गेल्या शिमग्यात तो वारला. त्याच्या हलगीचं कातडं उंदरांनी खाल्लं आणि नुसतं कडं चावडीच्या खुंटीला लटकत राहिलं.

शहात्तर सालच्या भादव्यात सहा दिवस झड लागली होती. सातव्या दिवशी, सोमवारी, उघडीप झाली. ज्योतिबा माळावर चढला आणि सवयीनं त्यानं तलावाकडं नजर टाकली. बांधाच्या मधोमध, दगडांच्या फटीतून पाणी येत होतं. एरवी तिथं पाझराचं निवळ पाणी असायचं. आज ते लाल आणि गढूळ होतं. बांधाची माती आतून सुटली होती.

त्यानं घड्याळ पाहिलं. दहाला दोन मिनिटं कमी होती. सोमवारी दहाच्या भोंग्याला कुणी हलणार नव्हतं.

बाभळींच्या आडून जाणारी वाट उतरायला दहा मिनिटं, मग घरोघर सांगायला अर्धा तास. तेवढा वेळ बांध देणार नव्हता. दोन मिनिटांच्या वर भोंगा चालला तर कुणाला तरी उमजेल, या आशेवर त्यानं दांडा धरला.

पाच मिनिटं झाली. पारावरची माणसं पारावरच बसून होती. ओढ्यावर बाया धुणं बडवत होत्या. परसात लीलाबाईनं धोतर हलवलं. त्यानं एक हात सोडून वर ये, वर ये अशी खूण केली. तिला कौतुक वाटलं असावं. ती आणखी जोरानं धोतर हलवू लागली.

दहा मिनिटं झाली. तळहात सोलून निघाले. दोन लढाया पाहिलेला तो माणूस पोरासारखा रडत होता. "उठा रं, कुनीतरी उठा," असं ओरडत होता, आणि भोंग्यापुढं त्याचा आवाज त्यालाही ऐकू येत नव्हता.

मग गाव हललं.

वरच्या आळीतलं पहिलं घर रिकामं झालं. मग त्याच्या शेजारचं. मग त्याच्या पुढचं. सगळी एकदम नाही, ओळीनं, एकेक दार. कुणी धावत नव्हतं. गल्ली पुढं मोकळीच होती, पण तिच्यातली कुत्री उठून बाजूला होत होती, कुणाला तरी वाट दिल्यासारखी.

सगळ्यात आधी नानासो वर पोचला.

"कळलं न्हवं भोंग्याचं?" ज्योतिबा दांडा फिरवतच ओरडला.

"भोंग्यानं कोन येतंय? आज सोमवार हाय." नानासोला धाप लागली होती. "केरबा आला की दाराशी. हलगी वाजवली, नाव घेतलं. म्हनला, नानासो, घर सोडा, माळ धरा."

बोलून झाल्यावर तो थांबला. केरबाला त्यानंच खांदा दिला होता.

माणसं येत राहिली. प्रत्येकाच्या तोंडी तेच. ज्योतिबाचे डोळे त्यांच्यात एकच चेहरा शोधत होते. खाली परसात पांढरं धोतर अजून हलत होतं.

नातवाला कडेवर घेऊन हरणाबाई आली. तिचं घर ज्योतिबाच्या घराला लागूनच.

"लीला का न्हाई आली?"

हरणाबाईनं नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"हरणाकाकी, आमच्या दाराशी आला न्हाई व्हय केरबा?"

"आला की." तिनं पदर तोंडाला लावला. "पर तुमच्या दारापुढं हलगी गप झाली. माझ्या दाराशी परत वाजली. मला वाटलं, घरात कायतरी वंगाळ झालंय. हाक मारायचा धीर झाला न्हाई."

"आवं, जित्ती हाय ती. ती बघा."

हरणाबाईनं खाली पाहिलं नाही.

ज्योतिबानं दांडा सोडला आणि वाटेकडं धाव घेतली.

मागं भोंगा उतरत उतरत थांबला. बांधाकडून दगड सरकल्याचा आवाज आला.

परसात लीलाबाईनं हात खाली घेतला. धोतर झटकलं, काठाला काठ लावून नीट घडी घातली आणि ती घरात गेली.