शनी पळतो कुठे?

धामणकर नाक्यावर शेअर रिक्षा गचकन वळली आणि दुर्बिणीच्या तिपाईचा पाय नीरजाच्या बरगडीत घुसला.

“सॉरी हां मॅडम... दुर्बीण हाय,” तिपाई सावरत शेजारचा तरुण म्हणाला. “ताऱ्यामागं फिरायची मोटर लावली तरी शनी दोन मिनटांत भिंगातून पळून जातो. दुकानवाला म्हणतो, मोटर चांगली हाय.”

“पळतो कुठे? वर, की खाली?” कळ विसरून नीरजाने विचारलं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या या मुलीला नसत्या चौकशांची भारी खोड.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “हे कोनी विचारलाच न्हाय आजवर! बघायला याल? शुक्रवारी या. लूम बंद असतात, गच्ची हलत न्हाय.”

त्याचं नाव देवेश, घर कोन गावात. खालच्या गाळ्यांत भाड्याने दिलेले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, आणि वर ऐसपैस गच्ची. शुक्रवारी संध्याकाळी नीरजा तिथे पोचली, तेव्हा त्याची आई आक्का तांदूळ निवडत बसली होती. गच्चीच्या मधोमध लाल रंगाचा मोठा बाण रंगवलेला होता: उत्तर.

“वास्तुवाल्यानं काढून दिलाय, बाबांचा लई विश्वास,” देवेश म्हणाला. “ध्रुव त्या टाकीमागं लपतो. म्हणून दुर्बीण बाणावरच लावतो.”

नीरजाने पर्समधलं होकायंत्र हळूच उघडलं. सुई बाणाच्या बरीच बाजूला... तिने हसू दाबलं. फाटक शुभ दिशेला येत नव्हतं आणि घर हलवता येत नव्हतं. म्हणून त्या वास्तुवाल्याने चक्क उत्तर दिशाच हलवली होती! दुर्बिणीचा आस ध्रुवाकडे हवा, तोच तिरका. मोटर बिचारी काय करणार?

सांगायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात देवेश दुसऱ्यांदा चहा घेऊन आला. “साय आवडत न्हाय ना? मघाशी बाजूला सारलीत. या कपातली काढलीय.”

नीरजा म्हणाली, “बॅटरी बदलून बघू या... पुढच्या शुक्रवारी.”

मग एका शुक्रवारी वजनाचा तोल, एका शुक्रवारी दातेरी चाकं. शनी पळतच राहिला आणि नीरजाला ते फार बरं वाटत राहिलं. या माणसाशिवाय शुक्रवार कसा काढायचा, तिला सुचेना.

पण पाचव्या शुक्रवारी दुर्बीण खोक्यात गेलेली.

“उद्या दुकानात परत देतो. तुम्हाला किती त्रास द्यायचा?” देवेश खाली मान घालून म्हणाला.

नीरजाने खोक्याकडे पाहिलं. गप्प राहिलं तरी आपलं येणं संपणार आणि खरं सांगितलं तरी! मग खरंच सांगावं.

“काढ बाहेर,” ती म्हणाली.

बाणाकडे दुर्लक्ष करून, होकायंत्र बघून तिने तिपाई फिरवली. मोटर घुरघुरली. दोन मिनिटं गेली, पाच गेली... कड्यासकट शनी जागचा हलला नाही.

“आयला! बाणच चुकीचा?” देवेशने दुर्बिणीवरून डोळा बाजूला घेतला. “कधी कळला तुम्हाला?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग बोलला का न्हाय?”

“दुरुस्त झाली असती ना!” ती म्हणाली. “मग मी कुठल्या निमित्ताने येणार होते? मला तू आवडतोस, देवेश.”

देवेशने हातातलं खोकं खाली ठेवलं. मग कानापर्यंत लाल झाला.

“मी येतो तुमच्या घरी. रविवारी. पण... तुमच्याकडं तर काय बिघडलेला न्हाय. तुमच्या वडलांना काय सांगू, कशाला आलो?”

नीरजाने डोळे पुसले, हसली.

“मागणी घालायला आलोय म्हण.”